‘असू द्या’ म्हणून लिहिलेली गोळी

करोनाकाळातली एखादी चिठ्ठी अजून कुणाच्या घरी रेशनकार्डाच्या पिशवीत पडून असेल, तर तिच्यावर काय लिहिले आहे हे न वाचताही सांगता येते. तापासाठी पॅरासिटामॉल, क जीवनसत्त्व, झिंक आणि अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, रोज एक, तीन किंवा पाच दिवस. कुठे अझिथ्रोमायसिनच्या जागी डॉक्सिसायक्लिन, कुठे जोडीला आयव्हरमेक्टिन. चिठ्ठी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाची असो की नाशिक जिल्ह्याच्या टोकाला गुजरातच्या सीमेवर वसलेल्या सुरगाण्याची, यादी साधारण सारखीच. फरक खाटांमध्ये होता, ऑक्सिजनमध्ये होता, रुग्णवाहिका किती वेळात दाराशी येते यात होता. या एका गोळीत मात्र नव्हता.

अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात आणि करोना हा विषाणूचा आजार. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असते. मग ही गोळी चिठ्ठीत आली कशी आणि टिकली कशी? इतक्या वर्षांनी हा प्रश्न काढण्याचे कारण कुणाला दोषी ठरवणे हे नाही. पुढची साथ कधीतरी येणारच आहे. तेव्हा हीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाऊ नये यासाठी आज काय तयार ठेवायचे, हे ठरवायचे आहे. आणि ते मुंबई-पुण्याच्या अतिदक्षता विभागातून नव्हे, तर सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयातून पाहून ठरवायला हवे. तिथे जे जमेल, ते राज्यात कुठेही जमेल.

आधी आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये ६५ देशांतल्या सुमारे साडेचार लाख रुग्णांची माहिती मांडली. जानेवारी २०२० ते मार्च २०२३ या काळात करोनामुळे रुग्णालयात दाखल झालेले हे रुग्ण. त्यांच्यापैकी जिवाणूंचाही संसर्ग झालेले आणि त्यामुळे प्रतिजैविकाची खरी गरज असलेले रुग्ण होते ८ टक्के. प्रतिजैविक मिळाले सुमारे ७५ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या आठांना जे हवे होते, ते पंचाहत्तरांना दिले गेले. उरलेल्यांना ते ‘असू द्या, वेळेला उपयोगी पडेल’ म्हणून मिळाले. त्याने त्यांची तब्येत सुधारल्याचे दिसले नाही. उलट, जिवाणूसंसर्ग नसलेल्यांना अपाय होण्याची शक्यताच त्या माहितीतून पुढे आली.

भारतात औषधविक्रीच्या आकडेवारीवरून झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आला. पहिल्या लाटेत, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत, अपेक्षेपेक्षा २१ कोटी ६४ लाख जादा प्रौढ मात्रा विकल्या गेल्या. त्यात एकट्या अझिथ्रोमायसिनच्या ३ कोटी ८० लाख. टाळेबंदीत इतर साथीचे आजार कमी झाले होते, दवाखाने ओस पडले होते, म्हणजे प्रतिजैविकांचा खप उतरायला हवा होता. श्रीमंत देशांत तो उतरलाही. इथे चढला.

भीती खोटी नव्हती

डॉक्टरांना या प्रकरणात सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. श्वसनाच्या विषाणूसंसर्गानंतर जिवाणूंचा न्यूमोनिया होऊन रुग्ण दगावतो, ही भीती इतिहासातून आलेली आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. त्या साथीतले जगभरातले बहुतेक मृत्यू फ्लूच्या विषाणूमुळे थेट झालेले नव्हते. विषाणूने फुप्फुसाची वाट मोकळी करून दिली आणि मागून आलेल्या जिवाणूंनी घात केला. तेव्हा पेनिसिलिन नव्हते. २०२० मध्ये प्रतिजैविके हाताशी असताना ती न देण्याचा धीर कोण करणार?

शिवाय करोनाने डॉक्टरांची नेहमीची मोजमापे निकामी केली. सीआरपी वाढला की जिवाणूसंसर्गाचा संशय घ्यायचा, हा जुना ठोकताळा. पण गंभीर करोनात सीआरपी विषाणूमुळेच वाढत होता. छातीच्या एक्स-रेवरचे ठिपके दोन्हींत दिसत. आठव्या-नवव्या दिवशी ताप उलटला, तर तो करोनाचा दुसरा टप्पा की नवा जिवाणू, हे खाटेजवळ उभे राहून सांगता येत नव्हते. रक्त कल्चरला लावले तर उत्तर यायला दोन-तीन दिवस. आणि बाहेर नातेवाईक विचारत असत, ‘डॉक्टर, काहीतरी द्या ना!’

त्यात सरकारी कागदाचाही आधार होता. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय येथून एक छोटा, सदोष अभ्यास आला: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिनची जोडी करोनावर चालते. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये अतिगंभीर रुग्णांसाठी ही जोडी आली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी लिहिलेले ते वाक्य हळूहळू खोकला-ताप असलेल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीत उतरले. पहिले काही आठवडे हे समजून घेता येते. कुणालाच काही माहीत नव्हते.

उत्तर आले, चिठ्ठी बदलली नाही

पुढचे मात्र समजून घेणे अवघड जाते. मे २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की सौम्य करोनात प्रतिजैविके देऊ नयेत आणि मध्यम आजारातही जिवाणूसंसर्गाचा वैद्यकीय संशय असल्याशिवाय देऊ नयेत. जादा विक्रीचे चार महिने सुरू झाले ते यानंतर.

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल लागला. दाखल झालेल्या सुमारे ७,७०० रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत अझिथ्रोमायसिन दिले, दुसऱ्याला दिले नाही. २८ दिवसांत दोन्ही गटांत दगावलेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले: २२ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये घरी उपचार घेणाऱ्यांवरच्या ‘प्रिन्सिपल’ चाचणीनेही अझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन या दोघांचा उपयोग नसल्याचे सांगितले.

म्हणजे दुसरी लाट यायच्या आधी उत्तर हातात होते. तरी एप्रिल-मे २०२१ मध्ये, खाटांसाठी धावाधाव चालू असताना, घरोघरच्या औषधांच्या किटमध्ये या गोळ्या होत्याच. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आयव्हरमेक्टिन, डॉक्सिसायक्लिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वगैरे औषधे उपचारांच्या यादीतून काढली ती २७ मे २०२१ रोजी. तोवर दुसऱ्या लाटेचे शिखर मागे पडले होते.

याच काळात एक वेगळे उदाहरणही घडले. प्लाझ्मा उपचारांचा देशभर गाजावाजा चालू असताना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जगाला सांगितले की प्लाझ्माने आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही. साथीच्या धामधुमीतही प्रश्न नीट विचारता येतो आणि उत्तर मिळवता येते, हे इथल्याच डॉक्टरांनी दाखवून दिले. कमतरता होती ती आलेले उत्तर तालुक्याच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेची. औषध यादीत घालायला एक परिपत्रक पुरते. ते काढायला वर्ष जाते. कारण घालताना कुणी ‘कधीपर्यंत’ असे लिहिलेलेच नसते.

प्रयोगशाळेची जागा गोळीने घेतली

पण माहिती पोहोचली असती तर चिठ्ठी बदलली असती का? सुरगाण्याच्या बाजूने पाहिले तर याचे उत्तर ‘थोडीफार’ असेच द्यावे लागते.

सुरगाणा नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटर. कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीचा, डोंगरदऱ्यांत पांगलेल्या पाड्यांचा तालुका. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरणे, ही इथली दरसालची कहाणी. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या गावांतल्या लोकांनी आपली गावे गुजरातला जोडा, अशी मागणी केली ती काही भाषेच्या प्रेमातून नव्हे. रस्ता, पाणी, शाळा आणि दवाखाना या चार गोष्टी पलीकडे आहेत आणि इकडे नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. दुखणे वाढले की या पट्ट्यातली माणसे धरमपूर, वांसदा, वलसाडची वाट धरतात, हे कुणी नाकारत नाही.

अशा ठिकाणी एक डॉक्टर रात्री तापाने फणफणलेल्या रुग्णासमोर उभा आहे, असे समजू. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन, साखर, मलेरिया, थुंकीतला क्षय अशा तपासण्या होतात. रक्त किंवा लघवी कल्चरला लावून कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणते औषध चालते, हे पाहण्याची सोय सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. रुग्ण चार तास चालून किंवा जीप बदलत आला आहे. ‘दोन दिवसांनी दाखवायला या’ म्हटले तर तो येईलच असे नाही, कारण एका फेरीत एका दिवसाची मजुरी जाते. रात्री पाड्यावर दम लागला तर १०८ ला फोन लावायला आधी रेंज मिळायला हवी. अशा डॉक्टरच्या पेनातून प्रतिजैविक उतरते ते अज्ञानातून नव्हे. नसलेली प्रयोगशाळा, नसलेली फेरभेट, नसलेली रुग्णवाहिका या सगळ्यांच्या बदल्यात तो ती एक गोळी लिहितो. गोळी स्वस्त आहे, हातात आहे आणि रुग्णाला काहीतरी मिळाल्याचे समाधान देते.

दुसऱ्या लाटेत ग्रामीण भागात अनेक ठिकाणी करोनाचा ताप ‘टायफॉइड’ म्हणून सलाइन आणि इंजेक्शनांनी हाताळला गेला, त्याच्याही मुळाशी हेच होते. विडाल तपासणी झटपट होते, स्वस्त पडते आणि वेगळ्याच तापातही सहज ‘पॉझिटिव्ह’ येते. करोनाचे नाव निघाले तर गावातून उचलून नेतील, या भीतीने ग्रासलेल्या घराला टायफॉइड हे नाव सोयीचे वाटे.

मोठ्या रुग्णालयांचे चित्र फार वेगळे आहे, असे मानण्याचे कारण नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत ९,६५२ रुग्णांची पाहणी केली. सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविक चालू होते. त्यातही निम्म्याहून अधिक औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून. उपचार म्हणून दिलेल्यांपैकी नेमका जिवाणू ओळखून दिलेली फक्त ६ टक्के. या रुग्णालयांत कल्चरची सोय आहे, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे, प्राध्यापक आहेत. सुरगाण्यात प्रयोगशाळा नाही म्हणून अंदाजाने लिहावे लागते. तिथे प्रयोगशाळा असूनही अंदाजानेच लिहिले जाते. सवय शहरात घडते आणि तिथे शिकून गेलेल्या डॉक्टरांसोबत तालुक्यात पोहोचते. म्हणून सुरगाण्याकडे बोट दाखवून मोठ्यांना सुटता येणार नाही.

किंमत कोण मोजणार?

‘एक गोळी जास्त गेली तर बिघडले कुठे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते.

पहिले अतिदक्षता विभागात. पहिल्या लाटेत देशातल्या दहा मोठ्या रुग्णालयांतल्या १७,५३४ करोनारुग्णांचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातून झाला. रुग्णालयात असताना जिवाणू किंवा बुरशीचा दुय्यम संसर्ग झालेले रुग्ण होते ३.६ टक्के. थोडेच म्हणायचे. पण त्यांच्यातले ५६.७ टक्के दगावले. एकूण रुग्णांमध्ये हे प्रमाण १०.६ टक्के होते. सर्वाधिक सापडलेले जिवाणू क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, म्हणजे रुग्णालयात मुक्काम ठोकणारे, हातांवरून, नळ्यांवरून पसरणारे आणि बहुतेक औषधांना दाद न देणारे. ज्या थोड्यांना प्रतिजैविकाची खरी गरज होती, त्यांच्यासाठीच ते बोथट झालेले होते. इतरांना गरज नसताना दिलेली प्रत्येक मात्रा त्या बोथटपणात भर घालते, कारण शरीरातले साधे जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे मागे उरतात.

दुसरे उत्तर सुरगाण्यासारख्या तालुक्यातच आहे आणि ते जास्त जवळचे आहे. अझिथ्रोमायसिन शरीरात रेंगाळते. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून तीन दिवसांचा डोस पुरतो, आणि म्हणूनच तो गरज नसताना घेतला तर जिवाणूंना त्याच्याशी झुंजण्याचा सरावही अधिक दिवस मिळतो. हीच गोळी आज टायफॉइडवर तोंडाने घ्यायच्या मोजक्या उरलेल्या औषधांपैकी एक आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनचा धाक आपल्याकडे केव्हाच ओसरला. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडला तर बहुतेक औषधे लागू पडत नाहीत. घरी घेता येईल अशी तिथे उरलेली गोळी म्हणजे अझिथ्रोमायसिनच. उद्या हीसुद्धा गेली, तर टायफॉइडच्या रुग्णाला शिरेतून महागडे औषध द्यावे लागेल आणि त्यासाठी दहा-बारा दिवस खाट लागेल. नाशिक शहरात ते जड जाईल. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी विहिरीत उतरणाऱ्या, रस्ते तुटणाऱ्या पाड्यावर ते परवडणारच नाही. गोळीने बरे होणारे दुखणे खाटेवर गेले की गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे तीन लाख माणसे थेट दगावल्याचा अंदाज ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासाने मांडला आहे. ही साथ करोनाच्या आधीपासून चालू होती आणि करोना ओसरल्यावरही चालूच आहे. तिचे रोजचे बातमीपत्र निघत नाही, इतकाच फरक.

इथे एक सावधगिरी हवी. प्रतिजैविके कमी करा, असा सरसकट आदेश निघाला तर त्याचा पहिला बळी आदिवासी भागातले मूल ठरेल. न्यूमोनिया झालेल्या बालकाला वेळेवर ॲमॉक्सिसिलिन न मिळाल्याने होणारे मृत्यू आजही संपलेले नाहीत. अति वापर आणि अभाव हे दोन्ही एकाच तालुक्यात, कधी एकाच आठवड्यात नांदतात. म्हणून ‘कमी’ हा शब्द चुकीचा. ‘नेमके’ हा शब्द बरोबर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सप्टेंबर २०२४ मध्ये देशांनी ठरवलेले उद्दिष्टही तसेच आहे: २०३० पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के ही साध्या, पहिल्या फळीच्या गटातली असावीत. ॲमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन त्या गटात बसतात. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन त्यात नाहीत. ती जपून वापरायची.

सुरगाण्यात काय करता येईल

कायद्यांची कमतरता नाही. तिसऱ्या पिढीची अनेक प्रतिजैविके मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टात आहेत. दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपायची आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक लिहिताना कारणही लिहा, असे आवाहन केले. पत्रे येतात आणि फायलीत जातात. नसलेल्या प्रयोगशाळेची जागा गोळीने घेतली असेल, तर उपदेश करून गोळी हटणार नाही. तिथे प्रयोगशाळा पोहोचवावी लागेल.

हे वाटते तितके अवघड नाही, आणि त्याचा पुरावा महामारीनेच दिला. त्या दोन वर्षांत घशाचे नमुने थंड पेटीत भरून तालुक्यांतून जिल्ह्याला गेले आणि अहवाल मोबाइलवर आले. गोव्यात बनणारी ‘ट्रूनॅट’ यंत्रे, जी मुळात क्षयरोगासाठी होती, ती करोनाच्या तपासणीला लागली. राज्याच्या ‘महालॅब’ योजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालयांतून रक्ताचे नमुने गोळा करून नेण्याची व्यवस्था आधीच आहे. त्याच वाटेवर रक्त-कल्चरची बाटली ठेवायची आहे. तिला बर्फही लागत नाही. उलट ती थंड करायची नसते, नेहमीच्या तापमानात काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचली की झाले. सुरगाण्याहून नाशिक तेवढ्या अंतरात आहे. गंभीर रुग्णाला पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी बाटली भरायची, दोन-तीन दिवसांत फोनवर उत्तर घ्यायचे. डॉक्टर उपचार थांबवत नाही, पण तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे औषध बदलायला किंवा बंद करायला आधार असतो.

दुसरी गोष्ट फुकट आहे. केसपेपरवर प्रतिजैविकाशेजारी दोन शब्द: कशासाठी आणि कधीपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्या ओळीकडे पुन्हा पाहायचे: चालू, बदल की बंद. ‘असू द्या’ म्हणून लिहिलेली गोळी या प्रश्नापुढे सहसा टिकत नाही. सुरगाण्याचा रुग्ण उद्या नाशिकला किंवा वलसाडला गेला, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला गेला, तर तिथल्या डॉक्टरलाही आधी काय आणि का दिले ते कळेल. आज प्रत्येक दवाखान्यात प्रतिजैविकाचा नवा डोस पहिल्यापासून सुरू होतो, त्याचे एक कारण ही न लिहिलेली ओळ आहे.

तिसरे, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेने वर्षातून एकदा एका पानाचा तक्ता काढावा: या जिल्ह्यात लघवीच्या संसर्गाला काय चालते, टायफॉइडला काय चालते, कशाचा उपयोग उरलेला नाही. तो तक्ता प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, खासगी दवाखान्याच्या आणि औषध दुकानाच्या भिंतीवर हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. सुरगाण्याची वाट त्याच बाजूने जाते. हे काम हाती घ्यायला याहून योग्य जागा कोणती? यात आयुर्वेद पदवीधर डॉक्टरही हवेत. आदिवासी भागात रात्री-अपरात्री रुग्ण पाहणारे अनेकदा तेच असतात. त्यांना वगळून केलेला कोणताही आराखडा कागदावरच राहील.

चौथे, पाणी. रुग्णालयातले चिवट जिवाणू पसरतात ते हातांवरून. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या तालुक्यात प्रत्येक खाटेमागे हात धुवायला पाणी आणि साबण नसेल, तर प्रतिजैविकांवरचे शिबिर म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

आणि पाचवे, पुढच्या साथीसाठी आजच एक नियम करून ठेवावा. साथीच्या काळात पुराव्याअभावी एखादे औषध सरकारी यादीत घालावेच लागले, तर त्याच परिपत्रकात त्याची मुदत लिहावी, समजा सहा आठवडे. मुदत संपली की औषध आपोआप यादीतून जाईल. ठेवायचे असेल तर नवा पुरावा दाखवून पुन्हा घालावे लागेल. आज काढण्यासाठी कारण द्यावे लागते, तेव्हा ठेवण्यासाठी द्यावे लागेल. २०२० मध्ये असा नियम असता तर अझिथ्रोमायसिन पहिल्या लाटेतच चिठ्ठीतून उतरले असते.

‘छोट्या ठिकाणी हे कुठे जमणार’ असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. त्या राज्याने २०१८ मध्ये स्वतःचा प्रतिजैविक आराखडा केला आणि पुढे तो मोठ्या रुग्णालयांपुरता न ठेवता गावपातळीच्या कुटुंब आरोग्य केंद्रांपर्यंत नेला. चिठ्ठीविना प्रतिजैविक विकणाऱ्या दुकानांवर कारवाई केली, लोकांना गोळी ओळखू यावी म्हणून निळी पाकिटे आणली. केरळचे रस्ते आणि साक्षरता वेगळी आहे, हे खरे. पण सुरुवात साध्या गोष्टींनी झाली आणि ती खालच्या पातळीवर नेली गेली, हे घेण्यासारखे आहे.

यातली कोणतीही गोष्ट डॉक्टरला शिक्षा करून होणारी नाही. न लिहिलेल्या गोळीमुळे रुग्ण दगावला तर डॉक्टरला जाब विचारला जातो, प्रसंगी मारही खावा लागतो. लिहिलेल्या अनावश्यक गोळीमुळे पाच वर्षांनी दुसरा कुणी दगावला तर कुणालाच विचारले जात नाही. हा तोल असाच राहिला तर कोणीही गोळीच लिहील. तो बदलायचा तर ‘थांबून पाहू’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरच्या मागे प्रयोगशाळा, वाहन आणि वरिष्ठांचा शब्द उभा राहिला पाहिजे.

रुग्णांच्या बाजूनेही एक छोटी गोष्ट करण्यासारखी आहे. चिठ्ठीत प्रतिजैविक असेल तर ‘डॉक्टर, ही गोळी कशासाठी?’ असे विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नीट कारण असेल तर डॉक्टर ते आनंदाने सांगतो, आणि नसेल तर त्यालाही क्षणभर थांबावे लागते. मग गोळी घ्यायची ठरली तर सांगितली तितके दिवस घ्यावी, उरलेली शेजाऱ्याला देऊ नये आणि जुनी चिठ्ठी दुकानात नेऊन तीच औषधे पुन्हा आणू नयेत.

महामारीने सुरगाण्यातून घशाचे नमुने नाशिकला नेऊन दाखवले, घरोघर आशाताई पोहोचवून दाखवल्या, कधी नव्हे ते ऑक्सिजनच्या टाक्यांवर सरकारी पैसा ओतून दाखवला. ती वाट अजून मोडलेली नाही. तिच्यावरून रक्ताची एक बाटली रोज जाऊ लागली आणि तिचे उत्तर रोज परत येऊ लागले, तर सुरगाण्याच्या डॉक्टरला अंदाजाने गोळी लिहावी लागणार नाही. आणि जिला खरेच टायफॉइड झाला आहे, अशा पाड्यावरच्या मुलीसाठी ती गोळी तेव्हाही कामाची असेल.